भुरी : शेवटची फवारणी नको

संपादक महोदय,

तंजावर परिसरातील उडदावरच्या भुरीविषयी आपण छापलेल्या पत्रात ‘काढणी आठवड्यावर आली तरी एक फवारणी घ्यावीच’ असा सल्ला आहे. तो मला घातक वाटतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भातकापणीच्या आठवडाभर आधी उभ्या पिकातच उडीद फेकतात आणि तो जमिनीतल्या ओलीवर सुमारे ७० दिवसांत पिकतो. भुरीची बुरशी जिवंत पेशींवरच जगते आणि पानावर पाणी नसतानाही रुजते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतली गार, दमट हवा तिला मानवते. ती फुलोऱ्यात आली तर शेंगा नीट भरत नाहीत. तेव्हा उपाय हवाच: पहिले पांढरे ठिपके दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क आणि दहा दिवसांनी पुन्हा. शेंगा काळ्या पडल्यावर मात्र दाण्याचे वजन ठरून गेलेले असते. मग हाती उरतो तो फवारणीचा खर्च आणि धान्यातला औषधाचा अंश.

‘डोळ्यांदेखत पीक जाऊ द्यायचे का?’ हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर पक्व शेंगांची वेळेवर काढणी आणि पुढच्या हंगामात लवकर पाहणी हे आहे. औषध सौम्य असले तरी लेबलवरचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळावाच लागतो. संजीवकाच्या अंशामुळे २०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडकली होती. उडीद तर आपल्याच घरच्या इडलीत जातो, तिथे तेवढी कडक तपासणी नसते. म्हणून शेतकरी बंधूंनी काढणीच्या तोंडावर फवारणीचा पंप हाती घेऊ नये, ही कळकळीची विनंती.