धूर कोणाच्या वाट्यास?

हिवाळा लागला की जळगाव-धुळ्याकडे शेतात पऱ्हाटीच्या काड्या पेटवून त्यांवर वांगी भाजण्याचा प्रघात आहे. त्या भरिताची रुची गॅसच्या शेगडीवर उतरत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु उघड्या शेतात हौसेने पेटविलेला विस्तव निराळा, आणि कोंदट स्वयंपाकघरात दोन्ही वेळां धुमसणारी चूल निराळी. पहिल्याची चव सांगून दुसरीचे समर्थन करणारे गृहस्थ आजही भेटतात, म्हणून हा विषय हाती घेणे भाग आहे.

सरपण जळते तेव्हा काय होते? लाकूड, पऱ्हाटी वा गोवरी यांतील कार्बनास पुरेसा प्राणवायू मिळाला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. सरपण ओले असेल तर बरीच उष्णता त्यातील पाणी उडविण्यातच खर्ची पडते. ज्वलन अपुरे राहते, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू व अडीच मायक्रॉनहून बारीक असे कण उत्पन्न होतात. हे कण फुप्फुसांत खोलवर जाऊन बसतात. उरलेला धूर सायंकाळी साऱ्या गावावर पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली.

आता न्याय पाहा. भुसावळजवळ दीपनगर येथे ५०० मेगावॅटचे दोन संच कोळसा जाळून वीज करतात. तेथे राख पकडण्यास यंत्रे आहेत. औष्णिक केंद्रांच्या धुरास मर्यादा घालणारे नियमही २०१५ साली झाले. त्या नियमांस वारंवार मुदतवाढ मिळत गेली, हा दोष आहेच; तथापि तेथे निदान तक्रार करण्यास नियम आहे. चुलीपुढे बसलेल्या बाईने कोणाकडे दाद मागावी? दीपनगरचे धुराडे आकाशात उंच. चूल तिच्या नाकापासून हातभर!

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. २०१६ साली उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी घरोघर नेली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातील सुमारे ४३ टक्के घरांतच स्वच्छ इंधन वापरात आढळले.

कोणी म्हणतील, सिलिंडर महाग, पऱ्हाटी फुकट. सिलिंडर गरिबास परवडेल अशा दराने मिळालाच पाहिजे, ही मागणी आम्ही सोडणार नाही. परंतु ज्या घरी मोटारसायकलच्या पेट्रोलास पैसा निघतो आणि सिलिंडर मात्र पाहुण्यांच्या चहापुरता राखून ठेवला जातो, तेथील अडचण केवळ दारिद्र्याची नव्हे. पऱ्हाटी फुकट वाटते, कारण भारे वाहणाऱ्या बाईचे श्रम आणि तिचा खोकला आपण हिशेबात धरीतच नाही. खर्चाची एक बाजू कोरी ठेवून मांडलेला हिशेब कोणते न्यायालय मान्य करील?

जेथे आज चूल सुटणे शक्य नाही, तेथे सरपण वाळलेले असावे, धुराडे असावे व ते वेळोवेळी साफ व्हावे. जेथे शक्य आहे, तेथे घरातील पहिला पैसा सिलिंडरास लागावा. ज्यांस हे पटत नसेल, त्या कर्त्या पुरुषांनी आठ दिवस स्वतः चूल फुंकून पाहावी. नवव्या दिवशी सिलिंडर दारी येईल, अशी आमची खात्री आहे.