‘पैकी’ या एका शब्दात जमीन जाते



आपली जमीन दंडेलीने जाते, तशीच ती एका शब्दानेही जाते. तो शब्द म्हणजे ‘पैकी’. २ हेक्टरच्या गटापैकी ४० आर, एवढेच खरेदीखतात लिहिलेले असते. कुठले ४० आर? रस्त्याकडचे की ओढ्याकडचे? विहिरीजवळचे की खडकाळ माळाचे? कागद गप्प. मग ज्याच्याकडे ट्रॅक्टर, माणसे आणि तलाठ्याशी ओळख, तोच अर्थ ठरवतो. मोघम कागद कायम बलवानाच्या बाजूने उभा असतो.

वतनाच्या जमिनीत तर हे रोजचेच. एका सातबारावर भावकीची वीस-वीस नावे; सरस-निरस वाटप नाही, मोजणी नाही. एका चुलत्याने ‘पैकी’ विकले की घेणारा रस्त्याची बाजू धरतो आणि बाकीच्यांच्या नशिबी कोर्टाच्या तारखा.

कायदा काय म्हणतो? १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम २१ सांगते, मिळकत ओळखता येईल इतके वर्णन दस्तात हवे. म्हणून गट नंबरात चूक दाखवून ‘तुमचा दस्तच रद्द’ असे कुणी धमकावले तर घाबरू नका. चतुःसीमेवरून जमीन नक्की ओळखू येत असेल, तर केवळ त्या चुकीने दस्त मरत नाही. क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील तर न्यायालये बहुधा स्पष्ट चतुःसीमेला वजन देतात. पण चतुःसीमेतच ‘पूर्वेस इतरांची जमीन’ लिहिले असेल, तर न्यायाधीश वाचणार तरी काय?

काही कार्यकर्ते म्हणतात, ‘हे वकिलांचे काम, आपले काम मोर्चाचे.’ हे साफ चूक आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायदा दुरुस्तीचे बिल मांडले. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. आपल्या चळवळीला कलमही येते आणि रस्ताही. लढून मिळवलेली जमीन मोघम कागदावर घालवायची असेल, तर लढलो कशाला?

म्हणून वस्तीवस्तीत सातबारा वाचनाची बैठक घ्या. आधी वाटप, मग सरकारी मोजणी. दस्तात चारही दिशांचे गट नंबर आणि सोबत मोजणीचा नकाशा. आणि ‘पैकी’ दिसले की ‘यातले नेमके कुठले?’ हे लिहून घेतल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही.