विश्लेषण : माळढोकसाठी सर्वोच्च न्यायालय, कोंडाणा उंदरासाठी कोण?

माळढोक पक्षी बहुतेकांना ठाऊक असतो. पण पुण्याजवळच्या सिंहगडाच्या माथ्यावरचा कोंडाणा उंदीर? जगात त्याची नोंद फक्त याच गडावर आहे. नामशेष होण्याचा धोका दोघांनाही आहे. मात्र धोक्याचे स्वरूप वेगळे आहे आणि मिळणारे लक्षही.

हा उंदीर कोणता?

१९७५ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाव गडाच्या जुन्या नावावरून मिळाले. तो बिळात राहतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याचा ज्ञात अधिवास जेमतेम एक चौरस किलोमीटर. 'आययूसीएन'च्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे.

धोक्यात फरक काय?

माळढोकचे माळरान मोठे होते, ते तुकड्यातुकड्यांनी गेले. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याचे क्षेत्र एकेकाळी ८,४९६ चौरस किलोमीटर होते. नंतर ते १,२२२ वर आले. तिथे आता माळढोक क्वचितच दिसतो. देशभरात सुमारे दीडशे उरल्याचा अंदाज आहे. मादी बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे वीजवाहिनीला धडकून मेलेल्या एका पक्ष्याची जागा भरून निघायलाही बराच काळ जातो.

उंदीरवर्गीय प्राणी साधारणपणे भराभर वाढतात. पण कोंडाणा उंदराला दुसरी जागाच नाही. चराई, पर्यटकांची वर्दळ आणि अधिवासाचा ऱ्हास, सारे त्याच एका माथ्यावर.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात माळढोक पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणात आहे. त्याच कायद्याच्या पाचव्या, उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत 'उंदीर' असा सरसकट उल्लेख होता. घरातला उंदीर आणि गडावरचा दुर्मीळ उंदीर यांत भेदच नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची रद्द झाली.

मग लक्ष कुणाकडे?

माळढोकसाठी राजस्थानात प्रजनन केंद्रे आहेत. वीजवाहिन्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलला. कोंडाणा उंदराच्या नावाने ना अभयारण्य आहे, ना प्रजनन केंद्र.

पुढे काय?

माळढोक वाचवायचा तर वीज, शेती, जमीन असे मोठे प्रश्न सोडवावे लागतात. कोंडाणा उंदरासाठी एका माथ्याचे नियोजन पुरेसे ठरू शकते: गवताळ भागात नवे बांधकाम नको, चराईवर मर्यादा हवी, पर्यटकांनी पायवाट सोडू नये. यातली शेवटची गोष्ट तर रविवारी पिठलं-भाकरीसाठी गडावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आहे.