सरासरीची भाकरी



एकाच्या ताटात दोन भाकरी, दुसऱ्याचे ताट कोरडे. कारकून हिशेब मांडतो : 'दरडोई एक भाकरी.' आकडा खोटा नाही, पण दुसऱ्याच्या पोटात काही पडलेले नाही. राज्याच्या विकासाचा हिशेब बराचसा याच रीतीने होत आला आहे.

कुंभवलीचे उदाहरण घ्या. बोईसरजवळचे हे गाव तारापूरच्या कारखान्यांना खेटून आहे. जवळच 1969 पासून अणुवीज केंद्र. त्याच मुलखात पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, नाचणी-वरीवर जगणारा आदिवासी शेतकरी. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत कुंभवली, ठाणे शहर आणि मोखाडा, सगळे एकाच ठाणे जिल्ह्यात. 1992-93 साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा हा जिल्हा कागदावर राज्यातल्या श्रीमंत जिल्ह्यांत मोडत होता. आज जिल्हा नवा झाला. तरी वसई आणि मोखाडा अजून एकाच सरासरीत आहेत.

तुम्ही म्हणाल, कोकणातल्या या गोष्टीशी आमच्या कपाशी-ज्वारीच्या रानाचा काय संबंध? संबंध आहे. दांडेकर समितीने 1984 साली जिल्हावार हिशेब मांडला. राज्याच्या सरासरीखाली जो जिल्हा, त्याचा अनुशेष. तो निघाला सुमारे 3,186 कोटी रुपयांचा. मुळात हिशेब झाला, हे त्या समितीचे मोठे काम. पण सिंचन मोजले ते निर्माण झालेल्या क्षमतेवर. पाटाचे पाणी शेवटच्या शिवारात पोचले की नाही, हा प्रश्न बाजूला राहिला.

पुढे घटनेच्या 371(2) कलमाखाली 1994 साली तीन विकास मंडळे आली : विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'. या 'उर्वरित'च्या पोत्यात कोल्हापूरचा ऊस, मंगळवेढ्याची कोरडवाहू ज्वारी, खानदेशची कपाशी आणि मोखाड्याची नाचणी एकत्र भरली. मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. त्याआधी 2013 साली केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुका धरून विचार केला होता.

कोणी म्हणतात, इतक्या खाली हिशेब नेणे अवघड. आम्हाला हे पटत नाही. पैसेवारी गावागावाची निघते. पीककापणीचे प्रयोग आपल्याच रानात होतात. पीक बुडाले की नाही हे ठरवताना सरकारला गाव दिसते. पैसा वाटताना मात्र जिल्ह्याच्या खाली नजर जात नाही, हे कसे?

आणखी एक. विदर्भ विरुद्ध पश्चिम महाराष्ट्र, असे भांडण आपल्यात लावून देणे पुढाऱ्यांना सोयीचे आहे. कोरडवाहू शेतकरी सगळीकडे आहे, आणि सगळीकडे तो शेजारच्या बागायतदाराच्या नाहीतर कारखान्याच्या आकड्याखाली झाकला गेला आहे.

म्हणून बैठकीहून परत गेल्यावर प्रत्येक तालुक्याने तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कागदावर सिंचन किती, प्रत्यक्ष भिजलेले रान किती, आणि तालुक्यात खर्ची पडलेला पैसा किती. हे तीन आकडे शेजारीशेजारी मांडा. अनुशेष कुणाचा, हे सांगायला मग समिती लागणार नाही.