आपाची भिशी आणि भाच्याचं ग्राफिक्स कार्ड

दर वर्षी २४ डिसेंबरला आमच्या शाळेत राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो. फळ्यावर आम्हीच मोठ्या अक्षरात लिहितो, 'पक्के बिल मागा.' मुलं निबंध लिहितात, आम्ही गुण देतो. आणि आमच्याच घरात वीस हजारांची वस्तू बिलाशिवाय आली, हे आम्हाला कळलं ती वस्तू बंद पडल्यावर.

आमचा भाचा इंदापूरला लग्नाचं शूटिंग आणि व्हिडिओ मिक्सिंग करतो. त्याच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड नव्हतं. एका लग्नाचा व्हिडिओ तयार व्हायला रात्रभर मशीन चालू ठेवावी लागे. आपाने भिशीचा नंबर लागल्यावर सगळे पैसे त्याच्या हातात दिले. ओळखीच्या एकाने सांगितलं, "बिल घेतलंस तर अठरा टक्के जीएसटी भरावा लागेल. तसंच घे, स्वस्तात देतो." भाच्याने घेतलं. सात महिन्यांनी, ऐन लग्नसराईत, पडद्यावर रंगीत रेघा आल्या आणि कार्ड गेलं. विकणारा म्हणाला, "दिलं तेव्हा चालत होतं ना?" मागचं सिरियल नंबरचं स्टिकर अर्धं फाटलेलं होतं, त्यामुळे सर्व्हिस सेंटरनेही हात वर केले. दोन लग्नांचे व्हिडिओ अडकले. मुलीकडची माणसं रोज फोन करायची आणि आपा तो फोन उचलायची.

कार्ड जुनं असणार, हे आमच्या मागाहून लक्षात आलं. काही वर्षांपूर्वी आभासी चलन 'काढण्यासाठी' लोक अशी कार्डं दिवसरात्र चालवत. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या चलनाची पद्धत बदलली, त्या कामाला कार्डांची गरज उरली नाही आणि वापरलेली कार्डं जगभर बाजारात आली. पुसून, खोक्यात घालून ती नव्यासारखी दिसतात.

ईदनंतर दुसरं कार्ड घ्यायचं ठरलं. भाचा बारामतीला आमच्याकडे आला. आपाही आली. भिशी दुसरी होती, पण पैसे तिचेच होते.

आधी आम्ही त्याच्याकडून समजून घेतलं. कार्डाची मुख्य चिप एनव्हिडिया किंवा एएमडीची असते, अलीकडे इंटेलचीही. पण कार्ड बांधतात आसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक अशा कंपन्या. कापड एकाच गिरणीचं आणि शिंपी वेगवेगळे, असा हा प्रकार. चिप एकच असेल तर कामाच्या वेगात अगदी थोडा फरक पडतो. फरक असतो तो शिलाईत, म्हणजे पंखे, आवाज, थंड ठेवण्याची सोय, किंमत आणि हमी यांत.

भाच्याने आरटीएक्स ४०६० हे मॉडेल नक्की केलं होतं. मेमरी आठ जीबी, वीज साधारण ११५ वॉट, त्यामुळे त्याच्याकडचा ५५० वॉटचा एसएमपीएस पुरणार होता. हे आधी पाहावं, नाहीतर कार्डापाठोपाठ तोही खर्च येतो. प्रश्न उरला कंपनीचा. एकाची किंमत २८,५०० आणि हमी तीन वर्षं. दुसऱ्याची ३०,००० आणि हमी नोंदणी केल्यावर पाच वर्षं. तिसरं ३४,०००चं, हमी तीनच वर्षं, पण त्याला रंगीत दिवे.

"मामू, दिव्यांचं घेऊ या. गिऱ्हाईक दुकानात आलं की भारी दिसतं."

आम्ही मास्तर, आम्ही भागाकार केला. पहिलं वर्षाला ९,५०० रुपयांना पडतं, दुसरं ६,००० रुपयांना. दिव्यांचं ११,३०० रुपयांच्या वर. "दुसरंच घे," आम्ही म्हणालो आणि वही मिटली.

आपा म्हणाली, "पाच वर्षं ठीक आहे रे. पण बंद पडलं तर किती दिवसांत परत येतं? परत तेच फोन मला उचलायचे आहेत का?"

आमच्या भागाकारात हा प्रश्न नव्हताच. भाच्याने मग तिन्ही कंपन्यांच्या मदत क्रमांकांवर फोन केले. विचारलं ते एवढंच: कार्ड कुठे जमा करायचं, कुरिअरने चालतं का, जायचा-यायचा खर्च कोणाचा, बदली मिळते की दुरुस्ती, आणि किती दिवस. इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. दोन खेपा म्हणजे दोन दिवसांचा धंदा बुडाला. पाच वर्षांवाल्यांनी कुरिअर चालेल म्हणून सांगितलं, पण तीन आठवडे धरा म्हणाले. तीन वर्षांवाल्यांचं केंद्र पुण्यात होतं, साधारण दहा दिवस म्हणाले. दोन्ही उत्तरं लग्नसराईला न परवडणारी होती. शेवटी पाच वर्षांचंच घेतलं, आणि दिव्यांच्या कार्डाच्या तुलनेत वाचलेल्या चार हजारांत त्याच्याच कामाच्या एका मित्राकडचं जुनं, साधं, पण बिल असलेलं कार्ड अडीअडचणीसाठी घेऊन ठेवलं. हा मार्ग आपाच्या प्रश्नातून निघाला, आमच्या वहीतून नाही.

हमी म्हणजे कंपनीचा शब्द, आणि कंपनीच बाजारातून गेली तर? अमेरिकेतली ईव्हीजीए ही कंपनी तिच्या हमीसाठी नावाजलेली होती. सप्टेंबर २०२२मध्ये तिने ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला. आधी विकलेल्या कार्डांची हमी पाळू, असं तिने जाहीर केलं, पण नवं कार्ड काही निघालं नाही. म्हणून नुसती वर्षं न मोजता भारतात सेवा कोण देतं तेही पाहावं. परदेशातून कोणी स्वस्तात कार्ड आणून देत असेल, तर त्याची हमी इथे चालते का, हे आधी विचारावं.

घरातल्या मुलांनी असं काही मागितलं, तर एवढं जरूर करा. बिलावर पूर्ण नाव आणि कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. खोकं दुकानातच उघडा, स्टिकर अखंड आहे का पाहा, फोटो काढा. जास्तीच्या हमीची नोंदणी ठरलेल्या दिवसांतच करावी लागते, तेव्हा ती त्याच संध्याकाळी करा. जळणं, तुटणं, गंज याला हमी नसते. आपल्याकडे वीज वरखाली होते, म्हणून यूपीएस लावाच.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, असं दुकानदार सांगतात. पण २०१९च्या कायद्यानुसार स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल, तर घेणारा ग्राहकच ठरतो. तक्रारही राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा. मात्र या सगळ्याला पुरावा लागतो, आणि भाच्याकडे पहिल्या वेळी कागदाचा चिटोराही नव्हता.

आता दुसऱ्या कार्डाचं बिल आपाने लोखंडी कपाटात रेशन कार्डाच्या पाकिटात ठेवलंय. त्याची एक झेरॉक्स आमच्याकडे आहे. येत्या २४ डिसेंबरला फळ्याशेजारी आम्ही तीच लावणार आहोत.