शाळाबदल आणि इंग्रजी शिकणारी मुले

करारबद्ध मजूर म्हणून मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांना घरची भाषा एक, बाजारची दुसरी आणि शाळेची तिसरी, हा अनुभव नवा नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड नगरात तोच प्रश्न आज निराळ्या रूपाने उभा आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८६ साली आपले मुख्य ठाणे तेथे हलविले, आणि पुढे महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे तेथे जाऊन वसली. नोकरी बदलते, भाड्याचे घर सुटते आणि मुलाची शाळाही सुटते. रेडमंडच्या शाळा लेक वॉशिंग्टन शालेय जिल्ह्यात मोडतात. शेजारच्या बेलव्ह्यू नगराचा जिल्हा वेगळा. थोड्याच मैलांत शिक्षक व कारभार दोन्ही बदलतात.

इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही, त्या मुलाला हा बदल अधिक जाचतो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे की, बोलण्याचालण्यापुरती इंग्रजी सुमारे दोन वर्षांत येते. परंतु गणित-विज्ञानाचे पाठ पेलण्याइतकी इंग्रजी येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. नव्या वर्गात मूल सफाईने बोलले, तर त्याला साहाय्याची गरज नाही असे मानले जाते. संकोचाने गप्प राहिले, तर ते मंद ठरते. त्याचे नेमके कोठे अडते, हे जुन्या शिक्षकाला ठाऊक असते. ते ज्ञान दप्तरातून नव्या शाळेत येत नाही.

सर्वांना तीच पुस्तके व तेच शिक्षक दिल्याने समानता साधत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात दिला. तथापि भाषा-परीक्षा सर्व राज्यांत एक नाही. कॅलिफोर्नियाची निराळी, वॉशिंग्टनची निराळी. म्हणून पालकांनी जागरूक राहिले पाहिजे. मागील परीक्षेचा निकाल, मुलाच्या लेखनाच्या वह्या आणि जुन्या शिक्षकाचे चार ओळींचे पत्र नव्या शाळेच्या हाती द्यावे. शक्य तर घर उन्हाळ्याच्या सुटीत बदलावे. प्रवेशाच्या वेळी घरची भाषा विचारली जाते; तेथे ‘मराठी’ असे निःसंकोच लिहावे. ती लपविल्यास मुलाच्या हक्काचे साहाय्यच हुकते.

आणि इंग्रजी लवकर यावी म्हणून घरातील मराठी बंद करू नये. शाळा, शिक्षक, सोबती सारे बदलले, तरी आईच्या तोंडची भाषा मुलाबरोबर राहते. तिच्यात पक्के झालेले ज्ञान पुढे इंग्रजीतही त्याच्या कामी येते.