जुनं ते सोनं, पण लिनक्समध्ये?

लिनक्स वापरणाऱ्यांत एक भांडण गेली काही वर्षं चालू आहे: जुने भाग काढून नवे बसवले, त्याने सुधारणा झाली का? माझं मत, बहुतेक वेळा झाली. पण फायदा सगळ्यांचा आणि त्रास थोड्यांचा, असंही झालं.

२०१० मध्ये सिस्टमडी आलं. आधीच्या इनिट पद्धतीत सेवा एकामागून एक सुरू व्हायच्या. सिस्टमडी त्या एकाच वेळी उठवतं आणि एखादी कोसळली तर पुन्हा सुरूही करतं. पावसात पेडणे-डिचोलीकडे वीज ये-जा करते, तिथे हे सुख मोठं. २०१४ मध्ये डेबियनने ते स्वीकारलं, तेव्हा नाराजांनी देवुआनची वेगळी चूल मांडली. त्यांची एक तक्रार मला पटते: पूर्वीच्या नोंदी साध्या मजकुरात असत, कुणीही उघडून वाचाव्यात. आता त्यासाठी खास आज्ञा लागते.

वेलँडचंही तसंच. एक्स ही १९८४ पासूनची पद्धत. तिच्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्यात टाईप होणारा पासवर्डसुद्धा टिपू शकतो. वेलँडने ते दार बंद केलं, चांगलंच झालं. पण त्याच दारातून पडदा वाचून दाखवणारी आणि मराठी टाईप करून देणारी साधनंही ये-जा करत होती. त्यांना नवी वाट शोधावी लागली.

निखळ सुधारणा म्हणजे हार्फबझ. अक्षरं जुळवून जोडाक्षर घडवण्याचं काम पूर्वी वेगवेगळे प्रोग्रॅम आपापल्या परीने करत. आता फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड हे सगळे हार्फबझकडूनच करून घेतात. मराठीत हे किरकोळ नाही. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी!

फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. भाषा मराठी, पण खिळे तिच्या लिपीचे नव्हते. यंत्र नवं असलं तरी भाषेला तडजोड करावी लागली. म्हणून माझी कसोटी सोपी आहे. नवं किती वेगवान, हे नंतर. जुनं जे काम निमूटपणे करत होतं ते नवं करतं का, आणि करत नसेल तर अडतं कुणाचं, हे आधी विचारावं.

मंडळातल्या लिनक्सवाल्यांनी नवी आवृत्ती टाकली की आधी 'आचार्य' आणि 'आचाऱ्याला' हे दोन शब्द टाईप करून बघावेत. चुकले तर गप्प बसू नये, बनवणाऱ्यांना कळवावं. लिनक्समध्ये तक्रार करणाराही सुधारणेचा वाटेकरी असतो.